राखीव खाट रिकामी आहे का, हे तपासणार कोण?

'खाट शिल्लक नाही.' धर्मादाय रुग्णालयाच्या खिडकीवर हे ऐकून वस्तीतली माणसे परत येतात आणि मग व्याजाने पैसे काढतात. म्हणून आधी आपला हक्क समजून घेऊ.

धर्मादाय रुग्णालयांना करात आणि इतर सवलती मिळतात, काहींना जागाही सरकारने दिली आहे. त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक प्रमाणे त्यांच्यावर गरिबांच्या उपचाराची जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली त्यासाठी योजना ठरवून दिली. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात. सध्या निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजार रुपयांपर्यंत आणि दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत. या उपचारांसाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवायची असते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, अनामत रकमेसाठी अडवायचे नाही.

मग अडते कुठे? देखरेख धर्मादाय आयुक्तांकडे आहे आणि ते कार्यालय विधी व न्याय विभागाखाली येते, आरोग्य विभागाखाली नाही. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. कोणती खाट भरली, निधीतून किती खर्च झाला, ही माहिती मुळात रुग्णालयच देते. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच कागदावर तपासणी चालते. वॉर्डात काम केलेल्या आम्हाला ठाऊक आहे की रजिस्टरमधली खाट आणि वॉर्डातली खाट यांचा मेळ प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय लागत नाही. शिवाय ज्याला दारातूनच परत पाठवले, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

म्हणून आमच्या मागण्या अशा: न सांगता अचानक तपासणी व्हावी आणि सोबत आरोग्य विभागाचा डॉक्टर असावा. नाकारलेल्या प्रत्येक रुग्णाला कारण लेखी द्यावे. निर्धन रुग्ण निधीचा दरमहाचा हिशेब दर्शनी फलकावर लागावा. देखरेख समितीत वस्त्यांचे प्रतिनिधी घ्यावेत.

हे होईपर्यंत आपण काय करायचे?

• तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजारपण येण्याआधीच काढून ठेवा. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स सोबत ठेवा.
• रुग्णालयात आधी वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि 'धर्मादाय योजनेतून दाखल करा' असा लेखी अर्ज द्या. पोच घ्या.
• नकार मिळाला तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे पद लिहून ठेवा. त्याच दिवशी धर्मादाय सह आयुक्त किंवा सहायक आयुक्तांकडे तक्रार करा.
• खाटा आणि निधीचा तपशील धर्मादाय कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागा. अर्जाचे शुल्क फक्त 10 रुपये आहे.

प्रत्येक विहारात एक वही ठेवा आणि परत पाठवलेल्या रुग्णांची नोंद त्यात करा. एकट्याची तक्रार फायलीत पडून राहते. वीस घरांच्या तारीखवार नोंदी समोर ठेवल्या, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.