दोन बोटांपुरता कातळ

उंची हेच पराक्रमाचे माप धरण्याची आम्हां सह्याद्रीकरांची वहिवाट जुनी आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अथवा खंडाळ्याची नागफणी ज्याने एकवार डोळे भरून पाहिली, त्यास कड्याची थोरवी मीटरांत मोजू नये हे पटविणे कठीण. म्हणूनच जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या उत्तर भागात, क्रोटेनझे गावानजीकच्या अरण्यात, वाल्डकोप्फ नावाच्या एका खडकावर जेमतेम १५ मीटर लांबीची एक वाट आहे आणि मिनिट-दीड मिनिटात संपणारी ती वाट प्रस्तरारोहणाच्या इतिहासात एका युगाची सीमा मानली जाते, असे सांगितले असता वाचकाने प्रथम स्मित केले, तर त्यात त्याचा दोष नाही. या वाटेचे नाव ‘आक्स्यों दिरेक्त’.

प्रथम त्या पाषाणाची कैफियत ऐकली पाहिजे. न्यूरेंबर्ग, बांबेर्ग आणि बायरॉइट या तीन शहरांच्या दरम्यान पसरलेल्या या प्रदेशास फ्रांकेनयुरा म्हणतात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात, येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी स्पंजांचे आणि सूक्ष्मजीवांचे थर साचून त्यांचे घनदाट टेकाड बनले व त्याचा चुनखडक झाला. पुढे त्या खडकाच्या काही भागांत मॅग्नेशियम शिरून त्याचा डोलोमाइट झाला, परंतु हे परिवर्तन सर्वत्र सारख्या प्रमाणात न घडल्यामुळे पाषाणाच्या पोटात सबल-दुर्बल अंशांचे एक विलक्षण मिश्रण राहून गेले. मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल झालेल्या पाण्याने त्यातले दुर्बल अंश सावकाश विरघळविले आणि कड्यांच्या तोंडावर असंख्य छिद्रे पाडली: कोठे तीन बोटे मावतील एवढी, कोठे दोन, कोठे एकच. आपल्या बेसाल्टास ही कला अवगत नाही. लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांनी त्यातही पोकळ्या झाल्या होत्या. पण त्यांतल्या पुष्कळशा जिओलाइट आणि गारेच्या स्फटिकांनी भरून गेल्या व देशोदेशींच्या संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसल्या. आमच्या किल्ल्यांच्या कातळवाटांवरील खोबण्या माणसाने छिन्नीने खोदल्या. फ्रांकेनयुरातील खोबण्या पाण्याने खोदल्या, आणि त्या खोदताना मनुष्याच्या बोटांचे माप त्याने विचारात घेतले नाही.

येथे शरीररचनेचा एक नियम आडवा येतो. बोट वाकविणारे मुख्य स्नायू बोटात नसून कोपराखालच्या हातात असतात. तेथून निघालेल्या कंडरा मनगटातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात आणि त्या हाडास धरून राहाव्यात म्हणून जागोजागी वलयाकृती पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. सर्व देहाचा भार एकाएकी दोन बोटांवर आला, तर हे पट्टे फाटू शकतात. स्नायू काही महिन्यांच्या मेहनतीने बळावतो. कंडरा व पट्टे यांना त्याहून फार अधिक काळ लागतो. उतावळ्या तरुणास या खडकाने परत पाठविले, तर बहुधा याच कारणास्तव.

आता अशा वाटांवर वापरल्या जाणाऱ्या बोल्टांविषयी. खडकात छिद्र पाडून पोलादी बोल्ट कायमचा बसवावयाचा, चढताना त्यात दोर अडकवावयाचा, आणि हात सुटला तर खाली दोर सांभाळणाऱ्या सोबत्याने तो रोखून धरावयाचा, ही पद्धत कित्येक जुन्या गिर्यारोहकांना भित्रेपणाची वाटत आली आहे. मला तो आक्षेप मान्य नाही. मृत्यूचे भय वजा केल्यावाचून केवळ काठिण्याचा हिशेब मांडता येत नाही. पन्नास वेळा पडण्याची मुभा असल्याखेरीज मनुष्याच्या सामर्थ्याची हद्द कोठवर आहे याचा शोध तरी कोण घेणार? मात्र या मुभेबरोबर प्रामाणिकपणाची एक कडक अट आली, आणि ती अट याच प्रदेशात जन्मली. १९७५ च्या सुमारास कुर्ट आल्बर्ट या गणित-पदार्थविज्ञानाच्या तरुण अभ्यासकाने, खडकातील ज्या खिळ्यांना हातापायाचा आधार म्हणून स्पर्श करावयाचा नाही त्यांवर तांबडी फुली काढण्यास आरंभ केला. आणि सबंध वाट कोणत्याही खिळ्याचा आधार न घेता पुरी झाली की तलाठ्याने सातबाऱ्यावर नोंद करावी तसा तो त्या वाटेच्या पायथ्याशी एक तांबडा ठिपका देई. ‘रोटपुंक्ट’ म्हणून जगभर रूढ झालेली शिस्त ती हीच: दोर व बोल्ट पडल्यास वाचविण्यापुरते, वर जाण्यासाठी मात्र खडक आणि देह यांवाचून तिसरे काही नाही.

आल्बर्टबरोबर ओबरश्योलेनबाख गावी एकाच घरात राहणारा वोल्फगांग ग्युलिश याने ही शिस्त पराकोटीस नेली. ऑस्ट्रेलियातील अरापिलीस येथे १९८५ मध्ये आणि फ्रांकेनयुरातच १९८७ मध्ये त्याने चढलेल्या वाटा त्या त्या वेळी जगात सर्वांत कठीण गणल्या गेल्या होत्या. परंतु या मनुष्याचे वैशिष्ट्य असे की, पुढची वाट आपल्या बळापलीकडची आहे हे उमगताच त्याने वाटेस सुगम करण्याची खटपट न करता स्वतःचे शरीर नव्याने घडविण्याची तजवीज केली. न्यूरेंबर्गच्या ‘कॅम्पस सेंटर’ व्यायामशाळेत १९८८ मध्ये त्याने पुढे झुकलेल्या फळीवर आडव्या लाकडी पट्ट्या बसविल्या आणि पाय अधांतरी ठेवून, केवळ बोटांच्या झेपेने खालच्या पट्टीवरून वरच्या पट्टीवर जाण्याचा अभ्यास आरंभिला. ‘कॅम्पस बोर्ड’ या नावाने आज ते साधन प्रस्तरारोहणाच्या व्यायामशाळांतून सर्वत्र दिसते. त्याचे मूळ एका झुकलेल्या कातळावरील दोन बोटांच्या भोकात आहे, हे त्यावर लोंबकळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

‘आक्स्यों दिरेक्त’ची ही वाट सुमारे ४५ अंशांत आपल्या डोक्यावर झुकलेली आहे. आरंभीच आरोहकाने दोन बोटांवर तोललेला देह वर फेकावयाचा, पाय खडकापासून सुटलेले असताना नेमके त्याच क्षणी दुसऱ्या एका छिद्रात बोटे शिरवावयाची, आणि झोका आवरावयाचा. त्यानंतर एकदोन बोटांच्या छिद्रांची जी मालिका लागते तीत विसावा घेण्यास जागा अशी नाहीच. १४ सप्टेंबर १९९१ रोजी ग्युलिशने ती पूर्ण केली.

पुढच्याच वर्षी ऑगस्टअखेर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मोटार अपघातानंतर त्याचा अंत झाला. काठिण्याची श्रेणी ही एकट्याच्या साक्षीवर मंजूर होत नाही, दुसऱ्याने तीच वाट चढून तिला दुजोरा द्यावा लागतो. तो दुजोरा १९९५ मध्ये आलेक्झांडर आडलरने दिला आणि जगातील पहिली ‘९ए’ श्रेणीची वाट म्हणून तिचे नाव दप्तरी दाखल झाले. त्यावरही तंटा आहेच. इंग्लंडमधील रेव्हन टॉर येथे बेन मूनने १९९० मध्ये चढलेली ‘हबल’ ही वाट, जिला त्याने ‘८सी+’ म्हटले होते, तीच वस्तुतः पहिली ‘९ए’ असे आता अनेक जाणकार मानतात; आणि अग्रक्रमाचा हा मान मूनकडे जावा, असे मला स्वतःलाही वाटू लागले आहे. तरीही नामांकित आरोहक आपली पारख करून घेण्यासाठी बव्हेरियातील त्या अरण्याचीच वाट धरतात. मेलिसा ल नेव्हे ही फ्रेंच आरोहक तेथे वर्षानुवर्षे येत राहिली, अनेकवार त्या पहिल्या झेपेतच पडली, आणि २१ मे २०२० रोजी, साऱ्या युरोपच्या सीमा महामारीने आखडलेल्या असताना, ही वाट पुरी करणारी पहिली स्त्री ठरली.