पाठीवर पडून जिंकणारा मल्ल : ब्राझीलच्या नोगेइराची कारकीर्द

कुस्तीच्या आखाड्यात मल्लाची पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' अर्थात मिश्र युद्धकलेच्या स्पर्धांना हा नियम लागू नाही. ब्राझीलच्या अंतोनियो रोद्रिगो नोगेइरा याची कारकीर्द समजून घ्यायची तर हा फरक प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. उताणा पडून, वर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याचे ठोसे सोसत त्याच्या हाताची वा मानेची पकड मिळवणे, ही त्याची लढण्याची रीत होती. याच रीतीने त्याने जपानमधील 'प्राइड' आणि अमेरिकेतील 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' म्हणजेच यूएफसी, या दोन्ही संघटनांचे अवजड गटाचे पट्टे जिंकले. असे करणारा तो पहिलाच होय. या रीतीची किंमतही त्याच्या शरीराने पुरेपूर चुकवली.

नोगेइराचा जन्म 2 जून 1976 रोजी बाहिया राज्यातील व्हितोरिया द कॉन्किस्ता या गावी झाला. त्याचा जुळा भाऊ रोजेरिओ हाही पुढे याच क्षेत्रात नावारूपाला आला. बालपणी अंतोनियोच्या अंगावरून मालमोटार गेली. तो काही दिवस बेशुद्ध होता, त्याची एक बरगडी व यकृताचा काही भाग गमवावा लागला आणि अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले. पाठीच्या खालच्या भागावरील त्या अपघाताचा खोल व्रण पुढे प्रत्येक लढतीत प्रेक्षकांना दिसत असे. लहानपणी जुदो, त्यानंतर मुष्टियुद्ध आणि मग रिकार्दो दे ला रिवा यांच्याकडे ब्राझिलियन जुजुत्सू, असे त्याचे शिक्षण झाले. 'मिनोतौरो' हे टोपणनाव ग्रीक पुराणकथेतील वृषभमुखी राक्षसावरून आले.

ब्राझिलियन जुजुत्सूचे मूळ जपानी आहे. मित्सुयो माएदा हे जुदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला गेले व पुढे बेलेम शहरात स्थायिक झाले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि ग्रेसी बंधूंनी या विद्येला नवे वळण दिले. दुबळ्या माणसाला खाली पाडले जाणारच, हे गृहीत धरून पडल्यानंतर काय करायचे, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. खालच्या लढवय्याने दोन्ही पायांनी वरच्याची कंबर आवळून त्याला अडकवून ठेवायचे, या स्थितीला 'गार्ड' म्हणतात. वरचा ठोसा मारण्यासाठी हात पुढे करतो, तेव्हा तो हात धरता येतो. मग कोपराचा सांधा उलट्या दिशेने ताणायचा, यालाच 'आर्मबार' म्हणतात. असह्य झाले की प्रतिस्पर्धी थाप मारून हार पत्करतो.

ही विद्या घेऊन नोगेइरा जपानला गेला आणि 3 नोव्हेंबर 2001 रोजी टोकियो येथे अमेरिकेच्या हीथ हेरिंगवर मात करून प्राइडचा पहिला अवजड गट विजेता बनला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोच्या तत्कालीन राष्ट्रीय मैदानावर त्याच्यापुढे बॉब सॅप उभा होता. सॅप हा पूर्वाश्रमीचा अमेरिकन फुटबॉलपटू, वजन सुमारे 170 किलो. नोगेइराचे वजन त्याहून साठ-पासष्ट किलोंनी कमी. सॅपने त्याला अक्षरशः उचलून डोक्यावर आपटले, ठोशांचा भडिमार केला. तरीही दुसऱ्या फेरीत दमलेल्या सॅपचा हात नोगेइराच्या पकडीत आला आणि लढत संपली. इतक्या विषम वजनाची लढत लावणे योग्य होते काय, हा प्रश्न त्या जल्लोषात फारसा कोणी विचारला नाही. तो विचारायला हवा होता.

16 मार्च 2003 रोजी योकोहामा येथे रशियाच्या फेडोर एमेलियानेन्को याने त्याचा पट्टा हिरावला. या पराभवाचे महत्त्व निकालापुरते नव्हते. नोगेइराच्या पायांच्या विळख्यात शिरू नये, असा तोवरचा समज होता. फेडोर मात्र बेधडक त्यात शिरला आणि तोल व हात सांभाळून आतूनच जोरदार ठोसे मारत राहिला. पकडीचा प्रत्येक प्रयत्न त्याने वेळीच उधळला. 'गार्ड' हा अभेद्य किल्ला नाही, हे त्या रात्री सिद्ध झाले.

तथापि नोगेइरा संपला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हंगामी विजेतेपदासाठी त्याची गाठ क्रोएशियाच्या मिर्को फिलिपोविचशी पडली. पूर्वी पोलीस दलात असलेला हा लढवय्या 'क्रो कॉप' नावाने ओळखला जाई. त्याच्या डाव्या पायाची लाथ भल्याभल्यांना आडवी करी. दहा मिनिटांची पहिली फेरी त्याने एकतर्फी गाजवली आणि तिच्या अखेरीस लाथेने नोगेइराला खाली पाडले. घंटा झाली म्हणून तो वाचला. दुसरी फेरी सुरू होताच नोगेइराने क्रो कॉपला जमिनीवर नेले आणि दोन मिनिटांच्या आत आर्मबारने लढत जिंकली. फेडोरला हरवणे मात्र त्याला कधीच जमले नाही. 2004 मधील एक लढत डोक्यांच्या टकरीमुळे रद्द झाली, तर वर्षअखेरची लढत फेडोरने गुणांवर जिंकली.

2007 मध्ये यूएफसीच्या मालकांनी प्राइड विकत घेतली. नोगेइरा अमेरिकेत आला, तो निराळ्या नियमांत. प्राइडमध्ये पंच संपूर्ण लढतीचा एकत्रित विचार करून निर्णय देत. यूएफसीत पाच मिनिटांच्या प्रत्येक फेरीचे स्वतंत्र गुण दिले जातात, शिवाय कोपराचे प्रहारही चालतात. खाली पडून संधीची वाट पाहणाऱ्याला हा हिशेब महाग पडतो. तरीही 2 फेब्रुवारी 2008 रोजी त्याने दोन मीटरहून उंच टिम सिल्व्हियाचा मार खाऊन तिसऱ्या फेरीत त्याची मान आवळली व हंगामी विजेतेपद मिळवले. त्याच डिसेंबरमध्ये फ्रँक मीरने त्याला ठोशांनी हरवले. निर्धारित वेळेआधी लढत हरण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती.

मीरशी दुसरी लढत 10 डिसेंबर 2011 रोजी टोरांटो येथे झाली. नोगेइराच्या ठोशांनी मीर कोलमडला. आणखी काही ठोसे मारले असते तर बहुधा विजय त्याचाच होता. परंतु त्याने सवयीने मानेची पकड घेण्याचा मार्ग धरला. मीर निसटला, उलटला आणि त्याने नोगेइराचा हात पिरगाळला. नोगेइराने हार मानली नाही, अखेर दंडाचे हाड मोडले. या पकडीला 'किमुरा' म्हणतात. 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर जपानच्या मासाहिको किमुरा यांनी हेलिओ ग्रेसी यांचा हात याच पकडीने मोडला होता. ग्रेसी यांनीही शरणागती पत्करली नव्हती, आणि ब्राझीलमध्ये त्या हट्टाची कथा अभिमानाने सांगितली गेली. नोगेइरा याच परंपरेत घडला होता.

त्याआधी चारच महिने, ऑगस्ट 2011 मध्ये, त्याने आपल्या लोकांना मोठा आनंद दिला होता. नितंब व गुडघ्यावरील शस्त्रक्रियांमुळे दीड वर्ष दूर राहिलेल्या नोगेइराने रिओ द जानेरोत ब्रेंडन शॉबला पहिल्याच फेरीत ठोशांनी लोळवले. त्यानंतरची वर्षे उतरणीची ठरली. 2012 मधील एक विजय वगळता पदरी पराभवच आले. 2014 मध्ये अबुधाबी येथे रॉय नेल्सनच्या एका ठोशाने तो निपचित पडला. ऑगस्ट 2015 मध्ये रिओत स्टीफन स्ट्रूव्हकडून गुणांवर हरल्यानंतर पुढील महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्याच्या नावावर 34 विजय व 10 पराभव होते. 2016 मध्ये यूएफसीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला.

त्याच्या तालमीतून मोठे विजेते घडले. निराश होऊन खेळ सोडू पाहणाऱ्या अँडरसन सिल्व्हाला त्याने थांबवून घेतले, जुजुत्सूचा काळा पट्टा दिला; 2006 मध्ये सिल्व्हा यूएफसीच्या मध्यम वजनगटाचा विजेता झाला. 2010 मध्ये सिडनीत केन व्हेलास्केजने नोगेइराला पहिल्या फेरीत हरवले होते. त्याच व्हेलास्केजला नोव्हेंबर 2011 मध्ये ठोशांनी पाडून अवजड गटाचा पट्टा जिंकला, तो नोगेइरा बंधूंसोबत सराव करणाऱ्या ज्युनिअर दोस सांतोसने. त्या लढतीला अवघी 64 सेकंदे लागली आणि दोस सांतोसची पाठ एकदाही जमिनीला लागली नाही.