स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

अमेरिकेहून सुट्टीवर आलेला माणूस चार दिवसांत एक वाक्य हमखास बोलतो : 'इथं सगळं किती स्वस्त आहे!' केस कापणे स्वस्त, इस्त्री स्वस्त, आणि धुण्याभांड्याला बाई ठेवणे तर तिकडे परवडतच नाही. या स्वस्ताईचा हिशेब एकदा मांडायला हवा.

देशादेशांची मिळकत तोलताना नुसता डॉलरचा बाजारभाव लावून भागत नाही. म्हणून क्रयशक्तीच्या समतेचा दर काढतात. जागतिक बँकेच्या पाहणीप्रमाणे 2017 मध्ये बाजारात डॉलरला सुमारे 65 रुपये पडत. पण अमेरिकेत डॉलरभरात जे येई, ते भारतात 20 रुपये 65 पैशांत येत होते. लंडनचे 'द इकॉनॉमिस्ट' 1986 पासून हाच हिशेब मॅकडोनाल्ड्सच्या बर्गरवर करते. (आपल्याकडे तो बीफचा मिळत नाही, म्हणून कोंबडीचा मोजतात!) रुपयाची परदेशी नाण्याशी असलेली किंमत नव्हे, तर देशातली त्याची खरेदीची ताकद स्थिर राहिली पाहिजे, हे बाबासाहेबांनी 1923 मध्येच 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मांडले होते.

पण स्वस्त नेमके काय आहे? पेट्रोल, सोने, मोबाइल नव्हे; ते जगाच्या भावाने येतात. स्वस्त आहेत ती माणसाच्या हातची कामे. बलासा आणि सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये याचे कारण दिले : गरीब देशाच्या कारखान्यात उत्पादकता कमी, म्हणून तिथे मजुरी कमी, आणि त्याच मापाने न्हाव्याची व धोब्याचीही कमी. कात्री दोन्हीकडे सारखीच चालते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. आपल्याकडे गटारात कोण उतरतो आणि झाडू कोणाच्या हाती असतो, हे त्यांच्या समीकरणात नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दुसरे काम मिळूच दिले नाही, त्यांच्या श्रमाचा भाव चढणार कसा?

आता आकडे पाहा. 2017 मध्ये केंद्राने सुचविलेले तळाचे किमान वेतन दिवसाला 176 रुपये होते. अमेरिकेचे संघीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, म्हणजे आठ तासांचे 58 डॉलर. आपले 176 रुपये बाजारभावाने पावणेतीन डॉलरही भरत नाहीत. समतेचा दर लावला, सारी स्वस्ताई हिशेबात धरली, तरी साडेआठ डॉलर होतात. सुमारे सातपटीचे अंतर उरतेच.

आणि जागतिक बँकेने 2022 मध्ये आणलेली, 2025 पर्यंत वापरलेली 2.15 डॉलरची दारिद्र्यरेषा? ऐकणाऱ्याला वाटे, 140 रुपये. पण ती समतेच्या दराने मोजत. 2017 च्या किमतीत ते जेमतेम 45 रुपये भरतात. तेवढ्यावर दिवस काढणारा रेषेच्या वर गेला, गरीब राहिला नाही!

ही सरासरीही सगळ्यांसाठी सारखी नाही. ज्याच्या घरी बाई, ड्रायव्हर, माळी आहे त्याला देश स्वस्त पडतो. जी बाई भांडी घासते, ती स्वतःसाठी दुसरी बाई ठेवत नाही. तिला ही स्वस्ताई विकायची असते, विकत घ्यायची नसते. तिच्या मुलाला कॉम्प्युटर घ्यायचा झाला, तर दुकानदार तिला 20 रुपये 65 पैशांचा डॉलर लावत नाही.