वखारीचे कुलूप आणि जगाची शांतता

परवा दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, जगात शांतता राखण्याची नोकरी असते का हो?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर मला आपल्या निपाणीतच सापडले.

कच्च्या तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर होता, त्या काळी अधिकारी वखारीत येत, नोंदवही उघडीत आणि शिल्लक माल तिच्याशी ताडून पाहत. वहीत व वखारीत तफावत आढळली, की मालकाला जाब द्यावा लागे.

1957 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक थेट हेच करतात. व्हिएन्नाहून निघून ते देशोदेशींच्या अणुभट्ट्यांत जातात, युरेनियम व प्लुटोनियमचा हिशेब तपासतात, मोहोरा लावतात, कॅमेरे बसवितात. सुमारे 8 किलो प्लुटोनियम एका अण्वस्त्रास पुरेल, असे ही संस्था धरून चालते. एवढ्याशा चुकीलाही तेथे जागा नाही.

परंतु कोणती वखार तपासणीस खुली करावी, हे आधी ठरवावे लागते. ते धोरणकर्त्यांचे काम. अमेरिकेशी झालेल्या अणुसहकार्याच्या वाटाघाटींत, मार्च 2006 मध्ये, भारताने 22 पैकी 14 अणुभट्ट्या तपासणीखाली आणण्याचे मान्य केले. तारापूरच्या पहिल्या दोन त्यांत होत्या. तेथीलच तिसरी व चौथी, तसेच आपल्या कर्नाटकातील कैगा बाहेर राहिल्या. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी शीघ्र प्रजनक अणुभट्ट्या बाहेरच ठेवण्याचा जाहीर आग्रह धरला होता, व तो मान्य झाला. जगाचा विश्वास मिळवावा आणि स्वतःचे संशोधनही राखावे, अशी ही दुहेरी कसोटी होती.

एक उणीव मात्र मोठी आहे. अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या शस्त्रागारांची कुलपे या संस्थेच्या हाती नाहीत. ती कशी व केव्हा उघडावीत, हा पुढच्या पिढीचा प्रश्न आहे.

या क्षेत्राच्या वाटा अनेक आहेत. निरीक्षकाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी हवी. करार लिहिणाऱ्याला आंतरराष्ट्रीय कायदा. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेतही जाता येते. परभाषा तर सर्वांनाच हव्यात.

त्या मुलीला मी म्हणालो, "असते बाळ, अशी नोकरी असते. शांतता नुसत्या भाषणांनी टिकत नाही. कोणीतरी वही उघडून, न भिता, खरा आकडा सांगावा लागतो."