हसा, पण हळू

चूळ भरताना पाणी काकूंच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सांडायला लागलं आणि घरात एकच धावपळ उडाली. लकवाच मारला, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांनी आधी काकूंचं कपाळ पाहिलं. “भुवया वर करा बघू.” उजवीकडे आठ्या पडल्या, डावीकडे कपाळ सपाटच. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात, म्हणून मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडं झालं तरी कपाळ बहुधा हलतं. इथे खुद्द चेहऱ्याची नसच बंद पडली होती. मग हातापायांतली ताकद, बोलणं आणि कान तपासले. कानात नागिणीच्या पुळ्या असत्या तर उपचाराची दिशा बदलली असती. ही पारख डॉक्टरांचीच. घरी आरशात बघून कुणी निर्धास्त राहू नये, तडक रुग्णालय गाठावं.

निदान झालं ‘बेल्स पाल्सी’. स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये या नसेचं वर्णन केलं, तेच नाव आजाराला चिकटलं. ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. सुजली की तिथेच आवळली जाते. “गार वारं लागलं असेल,” असं जाऊबाई म्हणत होत्या. डॉक्टरांचा जास्त संशय मात्र हर्पिसच्या विषाणूवर असतो.

स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. म्हणूनच मालिश आणि झाडपाल्यात पहिले दोन दिवस गेले की मला फार वाईट वाटतं.

डोळ्याचं कामही तितकंच तातडीचं. काकू डोळा मिटायला गेल्या की बुबुळ वर सरकायचं आणि खाली पांढरी फट उघडी राहायची. दिवसा थेंब, रात्री मलम. पट्टी लावण्याआधी पापणी बोटाने पूर्ण मिटवायची, हे नर्सताईंनी दोनदा करून दाखवलं. उघड्या बुबुळावर कापूस घासला तर जखम होते.

पुढचं काम फिजिओथेरपिस्ट ताईंचं. काकू घरी च्युइंगम चघळत होत्या, फुगे फुगवत होत्या. ताईंनी ते आधी थांबवलं. समोर आरसा ठेवला, डाव्या ओठाच्या कोपऱ्याला बोटाचा हलका आधार दिला. “जोर नको काकू. उजवी बाजू डावीला ओढून नेते.” ओठ जेमतेम थरथरला. ताईंची नजर मात्र पापणीवर होती. नस पुन्हा वाढताना तिचे धागे कधी चुकीच्या स्नायूला किंवा ग्रंथीला जाऊन मिळतात. मग हसलं की डोळा मिटतो, जेवताना डोळ्यातून पाणी येतं. एकदा ही खोड जडली की सोडवायला महिने जातात. म्हणून डोळा उघडा ठेवून जेवढं हसता येईल तेवढंच हसायचं, तेही थांबून थांबून.

बहुतेकांच्या चेहऱ्यावर दोन-तीन आठवड्यांत हालचाल दिसू लागते. तीन महिने उलटूनही चेहरा पूर्ववत झाला नाही, किंवा दुबळेपणा वाढतच चालला, तर नसेवर दाब आणणारी गाठ वगैरे नाही ना, याची तपासणी नव्याने करायला हवी.