जागेपणातून थेट स्वप्नात

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे म्हणजे सजग स्वप्न. १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून, स्वप्नातून खूण दिली होती.

काही जण जागेपणातून थेट अशा स्वप्नात शिरायला शिकतात. रात्री अंथरुणावर पडताच हे सहसा जमत नाही. ठळक स्वप्नांची ‘रेम’ झोप साधारण दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून पाचेक तास झोपून उठायचे, थोडे जागायचे, पुन्हा पडून अंग सैल सोडायचे. मिटल्या डोळ्यांपुढे येणारी चित्रे नुसती पाहायची. पकडायला गेलात की झोप उडते.

यात घाबरवणारा एक टप्पा येऊ शकतो. मन जागे, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. ही भूतबाधा नव्हे. रेम झोपेत मेंदू स्नायू सैल ठेवतो, एरवी स्वप्नातली धावपळ आपण अंथरुणातच केली असती! श्वास चालूच असतो आणि थोड्या वेळात हालचाल परतते.

झोप मात्र मोडतेच. निद्रानाश असलेल्यांनी किंवा भास होणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये. इतरांनीही सकाळी गाडी चालवायची नसेल, अशीच सुटीची पहाट निवडावी.