रेघ मारली म्हणजे धडा समजला?

हायलायटर फिरवला की अभ्यास झाला, हा समज शिरूर आणि दौंडच्या अभ्यासिकांत चांगलाच रुजलेला आहे. पोलीस भरती असो की एमपीएससी, ठोकळ्याची पानंच्या पानं पिवळी झालेली असतात. वस्तुस्थिती एवढी रंगीत नाही. जॉन डनलॉस्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासून २०१३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात रेघा मारणं आणि हायलाइट करणं कमी उपयोगाच्या पद्धतींत गेलं. पुस्तक मिटून स्वतःचीच परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडाथोडा करून अनेक दिवसांत वाटणं, या दोन पद्धती सर्वांत सरस ठरल्या. रेघ मारताना हात चालतो, डोकं चालेलच असं नाही. शिवाय अख्खं पान रंगवलं की त्यातलं महत्त्वाचं काय, हे ठरवायचं राहूनच जातं.

मग समासात लिहिणंही वायाच का? तसं मुळीच नाही. ‘हे असं का?’ असा प्रश्न करणं आणि वाचलेलं स्वतःला समजावून सांगणं, यांना त्याच अहवालाने मध्यम उपयोगाचं ठरवलं. समासातली चांगली नोंद नेमकं हेच काम करते.

समजा, भूगोलात वाक्य आलं की पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस कमी पडतो. रेघ मारणारा रेघ मारून पुढे जातो. न्हावऱ्याची एखादी मुलगी मात्र शेजारी पेन्सिलीने लिहील, ‘म्हणजे आपणच की! मग एवढा ऊस कसा?’ आता तिला उत्तर शोधावंच लागतं. शिरूरकडे चिंचणीच्या घोड धरणाचं पाणी आहे आणि पलीकडे दौंडला खडकवासल्याहून मुठा उजवा कालवा येतो. पाऊस वेगळा आणि पाणी वेगळं, हे तिला कळलं. परीक्षेत प्रश्न फिरवून आला तरी ती अडणार नाही. नोंद दोन ओळींची, अक्षरही गिचमिड असेल; चालतं. सुवाच्य, रंगीत, चौकटी आखलेल्या नोंदींचं कौतुक फार होतं, पण त्यांतल्या पुष्कळशा पुस्तकातलीच वाक्यं उतरवलेल्या असतात.

पुस्तकावर लिहिणं म्हणजे विद्येचा अपमान, असंही घरोघरी ऐकू येतं. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसं, तेव्हा हा संकोच समजण्यासारखा आहे. पण हस्तलिखित पोथ्यांच्या समासातही सुटलेली अक्षरं, पाठभेद आणि अर्थ लिहिलेले सापडतात. डॉ. आंबेडकरांची पुस्तकं तर रंगीत पेन्सिलींच्या खुणांनी भरलेली आहेत. त्यांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू जॉन ड्यूई यांच्या शिक्षणविषयक ग्रंथाची त्यांनी खुणा केलेली प्रत मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे, आणि अभ्यासक आज त्या खुणाही वाचतात. १९३६ मध्ये छापलेल्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात बाबासाहेब ड्यूईंचा आधार त्यांचं नाव घेऊन देतात.

तिसरा समज शासनाच्या पातळीवरचा. कोरी जागा दिली की मुलं नोंदी करतील, असं धरून २०२३-२४ पासून बालभारतीच्या आठवीपर्यंतच्या पुस्तकांत ‘माझी नोंद’ या मथळ्याची कोरी पानं जोडली गेली. शब्दार्थ, महत्त्वाचे मुद्दे मुलांनी तिथेच टिपावेत आणि दप्तरही हलकं व्हावं, असा हेतू होता. मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय रद्द केला. माझ्या मते कल्पना चुकीची नव्हती. पण पानावर काय लिहायचं हे आधी शिकवायला हवं होतं. शिक्षकाने फळ्यावर एक उतारा घेऊन, ‘मला इथे शंका आली, म्हणून मी हे लिहिलं’ असं मुलांसमोर करून दाखवणं हा पाठ कोऱ्या पानाआधी यायला हवा.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. पहिल्या वाचनाला वेळ लागतोच. म्हणून आधी परिच्छेद पूर्ण वाचावा, मगच पेन्सिल उचलावी, आणि एका परिच्छेदाला एकच नोंद पुरे. उजळणीला बसल्यावर मजकूर हाताने झाकून नुसत्या त्या नोंदीवरून आशय सांगून पाहावा. वाचनालयाचं पुस्तक असेल, किंवा शाळा वर्षअखेर पुस्तकं परत घेत असेल, तर त्यावर काही लिहू नये. पृष्ठ क्रमांक टाकलेली चिठ्ठी पानात ठेवावी आणि पुस्तक देताना काढून घ्यावी.